पाय खाली!
सर्कशीत तीस वर्षं मी खुर्चीवरून पडलो आणि लोक पोट धरून हसले. पुढे नाटकात म्हाताऱ्या बापाचं काम मिळालं. शेवटी हा बाप खुर्चीतून कोसळून मरतो. तालमीत कोसळलो की सवयीनं दोन्ही पाय हवेत जायचे आणि सगळे फिस्सकन हसायचे. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. मग बायकोनं महिनाभर स्वयंपाकघरात माझी तालीम घेतली. भांडी घासता घासता म्हणायची, "पाय खाली! पडा बघू पुन्हा." पहिल्या प्रयोगात कोसळलो, पाय जमिनीवरच राहिले. पण अख्खं नाट्यगृह चिडीचूप. विदूषकाला असली शांतता म्हणजे फजितीच. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आजीबाई ओरडल्या, "अहो, बघताय काय? उचला त्यांना, लागलं असेल!" तीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मेलेल्याला हसता येत नाही, म्हणून पडदा पडेपर्यंत ओठ आवळून पडून राहिलो.