बावीस नियम

“ईमेलचा चौथा प्रोग्राम आहे हा, काका,” कॉम्प्युटर दुरुस्तीवाली म्हणाली. “लोक इतक्या वेळा चपला बदलत नाहीत.”

“चपला पायात आहेत की नाही ते दिसतं,” स्टोअरकीपर म्हणाला. “पत्र पोचलं की वाटेत पडलं, ते दिसत नाही.”

कारखान्याच्या भांडारातून निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली होती, तरी लोक त्याला स्टोअरकीपरच म्हणत. खिडकीशी कॉम्प्युटर, त्याच्याशेजारी टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि एक वही. वहीत आधीच्या तिन्ही ईमेल प्रोग्रामांची परीक्षा मांडलेली होती. बहिणीला पाठवलं, अमुक वाजता. तिचं उत्तर आलं, अमुक वाजता. मग शेजारी, मग चष्मेवाला, मग तो स्वतः. सगळ्यांची पत्रं वेळेवर. एकच रकाना कोरा होता, त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: मुलगा.

नऊ वर्षांपूर्वी मुलगा भरल्या ताटावरून उठून गेला, तो गेलाच. “रागाच्या भरात काही करू नका,” बायको म्हणाली होती. “मी रागात कधी काही करत नाही,” असं म्हणून तो कॉम्प्युटरसमोर बसला, टपालाची नेहमीची आवराआवर केली आणि झोपायला गेला.

पुढे मुलानं देश सोडला. यांनी घर बदललं. दोन्हीकडचे फोन नंबर बदलले. उरला तो ईमेलचा पत्ता. तीन वर्षांपूर्वी बायकोनं हट्टानं त्याला पहिलं पत्र लिहायला बसवलं. तेव्हापासून ती रोज सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायची, “आलं का?”

“हा प्रोग्राम गडबड करतोय,” तो सांगायचा.

मागच्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. त्यानं मुलाला लिहिलं: ‘आई आजारी आहे. माहितीसाठी.’ चार महिने ती अंथरुणावरून तेच विचारत राहिली. मग त्यानं लिहिलं: ‘आई गेली. माहितीसाठी.’ याहून लांब पत्र त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. उत्तर नाही. पोटचा पोर दगड निघाला म्हणण्यापेक्षा प्रोग्राम कुचकामी म्हणणं त्याला सोपं जात होतं.

“हा शेवटचा,” तो आता म्हणाला. “महिनाभरात यातही काही आलं नाही, तर त्याचा पत्ता वहीतून खोडून टाकणार.” आणि त्यानं खोडरबर काढून पेन्सिलींच्या रांगेत नीट ठेवला.

दुरुस्तीवालीनं खोडरबराकडे पाहिलं. “तिन्ही प्रोग्राम चांगले होते, काका. पत्रं गिळणारे नव्हते. कधी कधी समोरच्यानं लिहिलेलंच नसतं.”

“तू तुझं काम कर.”

मुलाचा पत्ता तिनं वहीतून उतरवून घेतला आणि ‘कधीही अडवू नये’ या यादीत सगळ्यात वर टाकला. त्यानं दोनदा अक्षर अक्षर ताडून पाहिला.

“आता जुने नियम,” ती म्हणाली. “आलेल्या पत्राची आपोआप ठरल्या फोल्डरात रवानगी करणारे. बावीस आहेत. सगळे आणायचे?”

“बावीसच्या बावीस. पहिल्या प्रोग्रामपासून तसेच आलेत.”

“एकदा नजर तरी टाका. काहींचं आता कामही नसेल.”

“नियम केला तेव्हा कारण असणारच. भांडारात चाळीस वर्षं मी एकही नियम उकरून पाहिला नाही, म्हणून एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही.”

“तुमच्या खिळ्यांची काय बिशाद!” ती पुटपुटली आणि बावीस नियम उचलून नव्या प्रोग्राममध्ये ठेवले. “आणि हे ‘निकाली’ नावाचं फोल्डर? अकरा हजार पत्रं आहेत. एकही उघडलेलं नाही. सगळ्या जाहिराती असणार. उडवू?”

“अजिबात नाही. निकाली माल वेगळ्या खोलीत टाकायचा आणि कुलूप लावायचं. उघडायचा नाही, फेकायचाही नाही. तसाच उचल. पण मोजून.”

“अकरा हजार मोजू?”

“पाठवणाऱ्यावार. माल हलवताना पुरवठादारावार मोजतात. जुन्यात जेवढे, तेवढेच नव्यात भरले पाहिजेत.”

तिनं उसासा सोडला, पण पत्रं पाठवणाऱ्यांच्या नावानं लावून घेतली. त्यानं वहीचं नवं पान उघडलं, पेन्सिल उचलली.

“सोफेवाले, चारशे बारा.”

“चारशे बारा,” त्यानं लिहिलं.

“सोसायटीच्या सूचना, सहाशे तीस.”

“सहाशे तीस. पुढे?”

तिची नजर पुढच्या नावावर अडकली.

“पुढे, गं. थांबू नकोस, आकडा चुकतो.”

तिनं नियमांची यादी उघडली, सतराव्या ओळीवर आली आणि कॉम्प्युटरचा पडदा हळूच त्याच्याकडे वळवला. मघाशी तिनं वहीतून उतरवलेला पत्ता तिथं होता. पुढे ‘निकाली’ आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

“एकशे चार,” ती म्हणाली.

पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. एकशे चार न उघडलेल्या पत्रांच्या रांगेतलं एक मागच्या वर्षीचं होतं, बायकोनं अंथरूण धरल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं, आणि ते उघडायचीही गरज नव्हती, कारण मुलानं सगळं मथळ्यातच लिहिलं होतं: ‘आईला बघायला येऊ का, बाबा? फक्त हो म्हणा.’