सगळी आली का?

उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं आणि सिद्धू पर्यटकांना होडीतून तिथं नेतो. आबांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती, "परतताना माणसं डोळ्यांनी मोज. 'सगळी आली का' म्हणून हाळी देऊ नगंस."

आज वारं उठलं आणि घाईत सिद्धू ओरडला, "सगळी आली का?"

"आलो, आलो!" होडीतली मंडळी हसली.

होडी वीतभर खाली दबली.

काठावर सगळे उतरले, तरी ती वर आली नाही. सिद्धूच्या पाठीमागं फळी करकरली. त्यानं मान वळवली नाही.

पुण्याची अश्लेषा काठावरून म्हणाली, "दादा, त्या मागच्या बाईंना उतरवा ना. केव्हाचा हात पुढे केलाय त्यांनी."