गाठोड्यावरचा बूट

साहेबानं फाटक्या तंबूच्या गाठोड्यावर बूट ठेवला, छाती फुगवली आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढले. मागे फलक लावला होता, 'पर्वत स्वच्छ ठेवा'. शेजारी प्राणवायूची रिकामी नळकांडी, फाटके दोर, खाऊन भिरकावलेले डबे यांचा ढीग. वर जाताना यांनीच टाकायचं, शेर्पांनी पाठीवर वाहून आणायचं आणि फोटो साहेबाचा! निर्लज्जपणालाही काही उंची असते म्हणतात. या माणसानं तीही सर केली होती.

"साहेब, पाय काढा," ते गाठोडं वाहून आणणारा शेर्पा ग्यालजेन म्हणाला.

"अरे दाई, कचराच तर आहे!" हॅल्डेन साहेब हसला. नेपाळीत थोरल्या भावाला 'दाई' म्हणतात, तेवढं शिकला होता. "फाटक्या तंबूचं कसलं सोवळं?"

"आत माझा धाकटा भाऊ आहे."

निखाऱ्यावर पडल्यासारखा बूट वर उचलला गेला.

धाकटा तीन वर्षांपूर्वी याच साहेबाबरोबर वर गेला होता. साहेब एकटाच उतरला. 'बर्फाच्या भेगेत पडला, माझ्या डोळ्यांदेखत,' म्हणाला. तेव्हापासून ग्यालजेन दर हंगामात भेगा धुंडाळत होता. देहाला अग्नी मिळेपर्यंत आई घरात कुणाला रडू देत नव्हती. आणि या खेपेला, सगळ्यात वरच्या मुक्कामी कचरा उकरताना, बर्फात गाडलेला हा तंबू त्याच्या हाती लागला.

साहेब पक्का. कॅमेरा चालू आहे हे तो विसरला नव्हता. त्यानं टोपी काढली, डोळे पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.

"बिचारा फुरतेम्बा!"

ग्यालजेनच्या कपाळाला आठी पडली. गेलेल्या माणसाचं नाव शेर्पा तोंडातून काढत नाहीत. पण याला काय त्याचं!

"भेगेतून कसाबसा वर आला असेल रे. मी किती हाका मारल्या त्या वादळात! दिसला असता तर पाठीवर घालून आणला असता. मला भावासारखा होता तो, दाई."

कॅमेरावाल्या बाईनं नाक ओढलं.

ग्यालजेन खरं तर गप्प बसणार होता. धाकट्याला गावी न्यायचं, अग्नी द्यायचा, आईला पोटभर रडू द्यायचं. असल्या माणसाशी बोलून जीभ कोण विटाळणार? पण हा मेला 'भावासारखा' म्हणाला!

त्यानं आपली पिशवी उघडली. फडक्यात गुंडाळलेले दोन पेले बाहेर काढले. दोन्ही काठोकाठ भरलेले, आत चहाचा तांबूस बर्फ. एका पेल्यावर साहेबाचं नाव कोरलेलं होतं.

"हे त्याच्या उशाशी होते," तो म्हणाला.

बाईनं कॅमेरा जवळ आणला.

"आमच्यात पाहुण्यानं घोट घेतल्याशिवाय घरचा माणूस पेला तोंडाला लावत नाही." ग्यालजेननं नावाचा पेला साहेबापुढे धरला. "घ्या साहेब, प्या. तो अजून थांबलाय."