कसोटीवरची रेघ

जळगावात अब्बा सोनं पारखायचे. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासून म्हणायचे, “शहजादी, एकटी रेघ खोटं बोलते. शेजारी ओळखीच्या सोन्याची ओढावी.”

ते गेल्यावर तो दगड घरातल्या माझ्या टेबलावर आला, आलेखांवर वजन म्हणून. अवरक्त प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेघांवरून मी ताऱ्यांतलं लोह मोजते. एके दुपारी एका ताऱ्यात ते भलतंच जास्त निघालं.

दगड उचलला, तर त्यावर सोन्याच्या दोन ताज्या रेघा होत्या, शेजारी शेजारी.

“अम्मी, दगडाला कुणी हात लावला?”

“घरात सोनं उरलंय कुठं, बेटा?”

तेव्हा उमगलं. ओळखीच्या ताऱ्याशी ताडून बघायचं मी विसरले होते.

“शुक्रिया, अब्बा,” म्हणत मी दगड तेलाने स्वच्छ पुसला.

माझ्या हातातच त्यावर नवी रेघ सावकाश पुढे सरकू लागली.