कार्टनवरचं नाव

ओमानमधल्या सीबच्या फ्लॅटमध्ये जयवंतीने मिक्सरच्या कार्टनला सुतळी आवळली आणि जाड मार्करने धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. बहिणीच्या नवऱ्याची नोकरी गेल्यापासून डोंबिवलीतला संसार जयवंतीने इथून नेलेल्या कार्टनांवर चालायचा. तेवढ्यात बहिणीचाच फोन आला. "ताई, यांना नोकरी जाताना मिळालेल्या भरपाईवरचा कर सरकारने मागच्या तारखेपासून माफ केला. कापलेले पैसे परत आले. त्यातून मिक्सर घेतला. तू आता ओझं आणू नकोस. हा इथल्या सॉकेटमध्ये सरळ बसतो, तुझ्या वस्तूंसारखा अडॅप्टर लागत नाही." "बरं झालं," जयवंती म्हणाली. सख्ख्या बहिणीचं भलं झालं म्हणून पोटात दुखावं, याची लाज वाटली; दुखायचं मात्र थांबेना. फोनवरचं बोलणं ऐकून जयवंतीचा नवरा म्हणाला, "सोड सुतळी. मिक्सर आपल्यालाच ठेवू." तिने मार्कर उचलला, बहिणीचं नाव दुप्पट जाड गिरवलं आणि विचारलं, "अडॅप्टर कुठे ठेवलाय?"