कारखान्याचा केक

"चिमणीतून धूर निघाला पाहिजे बरं का," विमलबाई म्हणाल्या. "साहेबांना कारखाना जसाच्या तसा पाहिजे."

"धूर क्रीमचा काढते, वैनी," मुक्ता म्हणाली.

विमलबाई म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन मोहनराव यांच्या पत्नी. उद्या साहेबांचा वाढदिवस. केजमध्ये बेकऱ्या काय कमी होत्या? पण साहेब बचत गटाच्या बायकांना काम देतात, हे तहसीलदारांना दिसायला हवं होतं, म्हणून गाडी थेट वस्तीवर आली होती. मुक्ताने पाण्याचा तांब्या पुढे केला, तशी विमलबाईंनी पर्समधली बाटली दाखवली.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "लेकरं किती तुला?"

"एक पोरगी व्हती."

"बरं, बरं," म्हणत त्या गाडीत बसल्या.

धूळ खाली बसेपर्यंत मुक्ता दारातच उभी राहिली. बाईला आठवतसुद्धा नव्हतं.

दिवाळीनंतर कारखान्याचा नाला वस्तीच्या विहिरीजवळून वाहू लागला आणि पाण्याला चहाचा रंग आला. आधी म्हशी गेल्या, मग मुक्ताची लेक चंपा गेली. मातीला मोहनराव स्वतः आले आणि "ऊन लागलं असेल पोरीला," असं म्हणून निघून गेले. ग्रामसभेत तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पाणी एकदम चांगलं हाय. मी सवता पेलोय." विहिरीला पाणी आहे आणि ते चांगलं आहे, असं ठरल्यावर वस्तीचा टँकर बंद झाला. सारा तालुका टँकरवर दिवस काढत होता आणि या बायका कोसभरावरून हंडे वाहत होत्या. बोलणार कोण? कुणाचा ऊस कारखान्यात, कुणाचा पोरगा.

तेच पाणी एकदा या माणसाला पाजावं, असं मुक्ताला उन्हाळाभर वाटत होतं.

सकाळी ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. तिकडे आता कुणी फिरकत नसे. शेजारची छबुबाई शेळ्या सोडायला निघाली होती, ती जागीच थांबली.

"मुक्ते, हे पाणी कावून काढायलीस?"

"आज चेअरमनचा केक हाय."

छबुबाईने तोंडाला पदर लावला. "अगं, तिथं लेकरंबी खातेल."

"सायबानंच चांगलं म्हणलंय न्हवं?"

मुक्ता भरली कळशी घेऊन घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. केक ती अंबाजोगाईच्या प्रशिक्षणात शिकली होती. कुकरमध्ये मीठ पसरून तिने एकेक थर भाजला, पातेलं पालथं घालून त्यावर रचला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांचे कोन केले, आणि हिरव्या क्रीमचा ऊस काढला. बिस्किटांची चिमणी उभी केली. शेवटी कारखान्यामागे तिने चॉकलेटची एक छोटी विहीर काढली. ती कुणी सांगितली नव्हती.

संध्याकाळी कारखान्याच्या विश्रामगृहात माणूस मावत नव्हता. गटाच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. छबुबाई नातीला घेऊन आली होती, पण मुक्ताकडे बघत नव्हती. मोहनरावांनी केक कापला, पहिला घास खाल्ला, दुसरा मागून घेतला. तहसीलदारांपुढे बशी गेली. पोरांनी तर झुंबड केली; छबुबाईचा हात सोडवून तिची नातही त्यांच्यात घुसली.

"लई भारी झालाय," मोहनराव म्हणाले. मग सुरीचं टोक विहिरीवर टेकवून त्यांनी विचारलं, "ही कुठली हीर?"

"आमच्या वस्तीची," मुक्ता म्हणाली. "तिचंच पाणी हाय केकात."

मोहनराव हसायला गेले. हसू काही जमलं नाही.

"मस्करी करती का ही?"

"छबुबाईला इचारा. सकाळी बघितलंय तिनं."

सगळ्यांच्या माना छबुबाईकडे वळल्या. तिने होकाराची मान डोलावली आणि नातीला छातीशी ओढलं. पोरीच्या ओठांना क्रीम लागलेलं होतं.

तहसीलदारांनी बशी खाली ठेवली. मोहनराव एव्हाना घशात बोटं घालून ओकायचा प्रयत्न करत होते. विमलबाई त्यांची पाठ चोळत होत्या. कुणीतरी अंबाजोगाईच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, आणि मोहनराव सगळ्यांदेखत ओरडून बोलू लागले.

"डॉक्टर, गाडी काढतोय, तयारी ठेवा... कारखान्याचं सांडपाणी हाय ते. टाक्या धुतलेलं, कॉस्टिक सोड्याचं... व्हय, आमीच सोडतोय हिरीजवळच्या नाल्यात, दिवाळीपासून... अहो, थोडं काय अन् लई काय! पोरगी मेलीय त्यानं एक!"

तहसीलदार खुर्चीतून उठले आणि त्यांनी मोहनरावांकडे रोखून पाहिलं. मोहनरावांना त्याचंही भान नव्हतं. चार माणसांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. ज्यांनी ज्यांनी केक खाल्ला होता, ते आपापली पोरं उचलून बाहेर धावले.

छबुबाई नातीला घेऊन मुक्तापुढे आली. "माझ्या नातीनं खाल्लाय गं," ती रडत म्हणाली. "एकीसाठी किती जणींना मारशील, मुक्ते?"

मुक्ताने पदराने पोरीचे ओठ पुसले आणि केकचा मोठा तुकडा तिच्या हातात दिला.

"खा, बाई. समदा दुधात भिजवलाय, पाण्याचा थेंब न्हाई त्यात."