वडिलांचे गमबूट

वडील गेल्यावर काकांनी पुतणीला बजावलं होतं, “यंदा कुरण उजाड झालं, तर गाई विकून टाकू.” नवं गवत गमबुटाच्या काठाला टेकलं, की गाईंसाठी कुरणाचं फाटक उघडायचं, ही वडिलांची रीत. त्या सकाळी ते टेकलं. कडीला हात घातल्यावर मात्र ती थबकली. पायांत गमबूट तिचे होते, वडिलांच्या बुटांपेक्षा आखूड. घरी जाऊन तिने चिंध्या कोंबून वडिलांचे चढवले. परतली, तर गवत काठापासून चार बोटं खाली होतं. “गाई हंबरतायत आणि तू बूट कसले बदलतेस?” काका कडाडले. “अजून आठ दिवस वाळका चाराच, काका.” शेजाऱ्यांनी गाई सोडल्या, त्यांची कुरणं आठवड्यात बोडकी झाली. नवव्या दिवशी तिने फाटक उघडलं. गाईंची तोंडं गवतात बुडाली. काकांनी वरच्या कुरणाची किल्ली पुढे केली. “तेही कधी उघडायचं, हे तूच सांग, पोरी.”